हेटॉरचे दगडी रूळ

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, डेव्हन परगण्यामध्ये, डार्टमूर नावाचा जो उंच, विरळ झाडीचा आणि वाऱ्याने सदैव झोडपलेला माळमुलूख पसरलेला आहे, त्याच्या पूर्व सरहद्दीवर हेटॉर हा ग्रॅनाइटचा प्रचंड शिळासमूह उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० फूट उंचीच्या या शिळांवर चढून पूर्वेकडे पाहिले असता टीन नदीचे मुख आणि त्यापलीकडचा समुद्र नजरेस पडतो, आणि येथे येणारे बहुतेक प्रवासी तेवढ्या दृश्याने तृप्त होऊन परत फिरतात. परंतु शिळांना वळसा घालून जो उत्तरेच्या उतारावर उतरेल आणि क्षितिजावरची दृष्टी काढून पायाखालच्या गवताकडे लावील, त्याला तेथे दगडाच्या दोन समांतर रेषा दिसू लागतात. त्या कधी मातीत बुडतात, कधी वर येतात, टेकडीच्या अंगाने सावकाश वळण घेतात, आणि सरळसपाट भरावावरून पुढे निघून जातात. हे आगगाडीचे रूळच आहेत, मात्र त्यांवरून कधी वाफेचे यंत्र धावले नाही आणि त्यांत लोखंडाचा अंशही नाही. १८२० साली येथील खाणींतला ग्रॅनाइट डोंगराखाली उतरविण्यासाठी घोड्यांनी ओढण्याचा जो रूळमार्ग बांधला गेला, त्याचे रूळ खाणीतल्याच ग्रॅनाइटचे घडविलेले होते.

या मार्गाविषयी मी पुष्कळ वाचले होते, तरी प्रत्यक्ष रुळापाशी गुडघे टेकून बसेपर्यंत त्याची रचना मला नीट उमगली नव्हती. दगडाचा प्रत्येक तुकडा साधारणपणे चार ते आठ फूट लांबीचा. जेथे वळण आहे तेथे लांबी कमी केलेली, म्हणजे तुकड्यातुकड्याने वळण साधता यावे. माथ्याच्या बाहेरच्या अंगाला दगड तासून खाली घेतलेला आहे आणि आतल्या अंगाला त्याची कड तशीच उंच ठेवलेली आहे, जशी आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या दगडी उंबरठ्याला एका बाजूने खाच असावी तशी. चाक त्या खालच्या पट्टीवरून फिरावयाचे आणि आतली कड त्याला मार्ग सोडू द्यावयाची नाही, अशी ही योजना. आजच्या आगगाडीत हे राखणदारीचे काम चाकाच्या स्वतःच्या कडेकडे असते. येथे ते रुळाकडे आहे, आणि म्हणून चाके साधी, सपाट धावेची चालत. दोन्ही रुळांमधील अंतर ४ फूट ३ इंच, म्हणजे पुढे जगभर रूढ झालेल्या प्रमाण अंतराहून साडेपाच इंचांनी कमी. मधली जागा फरसबंद न करता मोकळी सोडलेली, कारण तेथून घोडे चालावयाचे. दगड एकमेकांना कोठेही जखडलेले नाहीत. स्वतःच्या वजनाने ते जमिनीत बसले आणि तसेच राहिले. चाकाच्या पट्टीवरून हात फिरविला की पाथरवटाच्या छिन्नीचा खरखरीतपणा आणि वाहतुकीने आलेला गुळगुळीतपणा यांतील भेद बोटांना स्पष्ट कळतो.

लोखंडाच्या युगाच्या उंबरठ्यावर दगडाचे रूळ का घातले, हा प्रश्न कोणासही पडेल. १८०४ साली ट्रेविथिक या अभियंत्याचे वाफेचे इंजिन वेल्समध्ये रुळांवरून धावले होते. डर्बीशायरमधील पीक फॉरेस्टच्या चुनखडीच्या खाणींसाठी १७९६ मध्येच लोखंडी पट्ट्यांचा घोडामार्ग सुरू झाला होता. आणि हेटॉरचा मार्ग खुला झाल्यावर अवघ्या पाच वर्षांनी स्टॉक्टन–डार्लिंग्टन लोहमार्ग चालू व्हावयाचा होता. अशा वेळी दगड वापरणे म्हणजे मागासलेपण असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. मला मात्र यात मोठा व्यवहारी शहाणपणा दिसतो. लोखंड दूरवरून विकत आणावे लागले असते आणि ते या डोंगरावर चढविण्याचा खर्च निराळा. ग्रॅनाइट मात्र पायाखालीच होता, तो फोडणारे हात रोजंदारीवर होतेच, आणि मोठ्या इमारतींच्या कामाला न लागणारे तुकडेही रुळांच्या उपयोगी पडण्यासारखे होते. या निवडीचा जो परिणाम तिच्या कर्त्याच्या स्वप्नातही नसेल तो असा, की त्या काळचे बहुतेक घोडामार्ग आज जवळजवळ नाहीसे झालेले असताना हा एक टिकला. पीक फॉरेस्टच्या मार्गावरचे लोखंड उखडून मोडीत गेले, आणि ज्यांवर ते ठोकले होते ते भोके पाडलेले चौकोनी दगड तेवढे मागे उरले. १८०३ मध्ये लंडनच्या दक्षिणेस खुल्या झालेल्या सरे लोहमार्गाची तर काही मोजक्या दगडांपलीकडे खूण राहिलेली नाही. ज्याला वितळवून पैसा करता येत नाही आणि जे उचलून नेणेही परवडत नाही, असे साहित्य हेटॉरवर वापरले गेले, म्हणून येथे अवशेषांवरून अंदाज बांधावा लागत नाही; मार्ग स्वतःच वाचता येतो.

हा मार्ग बांधणारा जॉर्ज टेम्पलर याच्या घराण्याचा वृत्तान्त आपल्या वाचकांना एका कारणाने विशेष वाटेल. त्याचा आजोबा जेम्स टेम्पलर हा एक्झेटर शहरातील गरीब घरचा अनाथ मुलगा. तो तरुणपणी हिंदुस्थानात आला, येथून धनसंपन्न होऊन स्वदेशी परतला, आणि पुढे प्लिमथच्या आरमारी गोदीच्या बांधकामांची कंत्राटे घेऊन मोठा जमीनदार बनला. डार्टमूरच्या पायथ्याशी स्टोव्हर येथे त्याने इस्टेट उभी केली. अठराव्या शतकात हिंदुस्थानात मिळविलेल्या द्रव्यातून इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशी कितीतरी घरे उभी राहिली, आणि त्या घरांच्या पुढच्या पिढ्यांनी ते भांडवल कारखानदारीत घातले; हेटॉरचे दगडी रूळ पाहताना हा धागा मला विसरता आला नाही. या आजोबाच्या मुलाचेही नाव जेम्सच. त्याने १७९० नंतरच्या एकदोन वर्षांत स्टोव्हरचा कालवा खोदला, कारण त्या भागात चिनी मातीच्या भांड्यांना लागणारी उत्तम चिकणमाती निघे आणि ती टीन नदीच्या खाडीतून समुद्रमार्गे स्टॅफर्डशायरच्या कुंभारकामाच्या कारखान्यांकडे जाई. १८१३ मध्ये इस्टेट नातवाच्या, म्हणजे जॉर्जच्या, हाती आली. कालवा तयार, खाडी तयार, बंदर जवळ. डोंगरावरचा ग्रॅनाइट कालव्यापर्यंत आणण्याची तजवीज तेवढी बाकी होती. ती त्याने केली. १६ सप्टेंबर १८२० रोजी, शनिवारी, हेटॉरच्या माळावर मोठा मेळा भरवून, वाद्यांच्या गजरात आणि मेजवानीसह मार्ग खुला करण्यात आला.

मार्गाची लांबी फाट्यांसह सुमारे १० मैल, आणि तेवढ्या अंतरात तो जवळजवळ १३०० फूट खाली उतरतो. भरलेला माल बहुतांशी उताराने जावयाचा आणि चढावयाच्या त्या रिकाम्या वाघिणी, हीच या धंद्याची किफायत. सपाट लाकडी तळाच्या बारा वाघिणी एकामागोमाग जोडीत, आणि त्यांना सुमारे अठरा घोडे एका ओळीत जुंपीत. चढताना घोडे पुढे, उतरताना मागे. उतारावर वाघिणींचा वेग आवरण्यासाठी चाकांवर लांब लाकडी दांडे दाबून धरीत असे सांगतात. खाली कालव्यावरील व्हेन्टिफर्डच्या धक्क्यावर दगड पडावात चढे, कालव्यातून खाडीत आणि खाडीतून टिनमथच्या बंदरात जाई, आणि तेथून जहाजाने लंडनला. ब्रिटिश म्युझियमच्या इमारतीत हेटॉरचा ग्रॅनाइट आहे, आणि १ ऑगस्ट १८३१ रोजी चौथ्या विल्यम राजाच्या हस्ते खुल्या झालेल्या, रेनी या अभियंता पितापुत्रांच्या लंडन पुलातही तो होता. तो पूल पुढे १९६८ साली एका अमेरिकन धनिकाने विकत घेतला आणि त्याचे दर्शनी दगड ॲरिझोनामधील लेक हावासू या गावी नेऊन काँक्रीटच्या सांगाड्यावर बसविले. १९७१ पासून तो तेथे उभा आहे.

हेटॉरच्या उत्तरेस जेथे होलवेलच्या खाणीकडून आलेला फाटा मुख्य मार्गाला मिळतो, ती जागा मला या साऱ्या परिसरात सर्वांत मोलाची वाटते. सांधा ही रूळमार्गाची खरी कसोटी होय. सरळ रूळ कोणीही घालील. पण एका वाटेवरच्या चाकाने दुसऱ्या वाटेवर कसे जावे, एका मार्गाची कड दुसऱ्या मार्गाच्या चाकाला आडवी येणार तेथे काय करावे, हा कूटप्रश्न प्रत्येक अभियंत्याला सोडवावा लागतो, आणि येथे तो लोखंडाच्या लवचिकपणाचा आधार न घेता दगडात सोडविलेला आहे. मोठ्या शिळा घेऊन, त्यांवर दोन्ही वाटांच्या खाचा एकमेकींत मिळतील अशा कोरलेल्या आहेत. दोन कडा जेथे भेटतात तेथे दगडाला निमुळते टोक दिले आहे. आणि त्या टोकापाशी एक गोल भोक आहे, ज्यात फिरत्या जिभेचा खुंटा बसे. जीभ एका बाजूस लोटली की चाके डावीकडे वळत, दुसऱ्या बाजूस लोटली की उजवीकडे. आज जीभ नाही, पण खाचांची वळणे इतकी नेमकी आहेत की बोटाने त्यांचा माग काढीत कोणती वाघीण कोठून येऊन कोठे गेली हे सांगता येते. हे काम करणाऱ्यांची नावे कोठल्याही दफ्तरात मोठ्या अक्षरांत नोंदलेली नाहीत. ते खाणीतले पाथरवट होते, आणि वाफेच्या रेल्वेचा सांधेवाला जन्माला येण्यापूर्वी त्यांनी ही वळणे छिन्नीने साधली. आता या अवशेषांना संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे, आणि तो योग्यच आहे.

होलवेलच्या फाट्याने पश्चिमेकडे चालत गेले की खाणीचा राडारोडा उताराच्या कडेला मोठ्या दगडी जिभांसारखा बाहेर आलेला दिसतो. रूळ थेट या ढिगांच्या माथ्यापर्यंत जातात. खाणीच्या पोटात कामगारांसाठी बांधलेला एक लहानसा निवारा आहे, मोठमोठे ओबडधोबड दगड एकावर एक रचून केलेला. आत वाकूनच शिरावे लागते. डार्टमूरवर पाऊस आणि धुके कोणत्या घटकेस येतील याचा भरवसा नसतो, आणि मी तेथे असताना पश्चिमेकडून आलेल्या सरीने मला या निवाऱ्याचा उपयोग पटवून दिला. आसपासच्या फुटलेल्या शिळांच्या कडांवर अर्धगोल नळ्यांसारख्या खुणांची रांग दिसते. पहार फिरवीत फिरवीत दगडात एका रेषेत भोके पाडावयाची, प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांमध्ये पाचर घालावयाची, आणि साऱ्या पाचरींवर क्रमाने घणाचे टोले देत जावयाचे, म्हणजे शिळा त्या रेषेत उभी चिरते. एकोणिसाव्या शतकात ग्रॅनाइट फोडण्याची ही रीत होती, आणि चिरलेल्या भोकाचा अर्धा भाग शिळेच्या एका तुकड्यावर व अर्धा दुसऱ्यावर राहतो. असा एखादा अर्धा भाग लंडनमधील एखाद्या दगडाच्या झाकलेल्या पाठीवर असेल आणि त्याचा जोडीदार येथे पावसात पडलेला असेल.

हेटॉरची मुख्य खाण याच्या अगदी उलट रूपाची आहे. तिच्या तळाशी पाणी साचून शांत तळे झाले आहे, त्यात एका जुन्या यारीचा गंजलेला लोखंडी रहाट अर्धा बुडालेला आहे, आणि भोवतीच्या उभ्या कड्यांमुळे वारा तेथे पोहोचत नाही. शिखरावरच्या भरड्या दगडात फेल्डस्पारचे मोठे पांढरट स्फटिक दिसतात. खाणीतून मात्र त्याहून बारीक कणांचा, निळसर छटेचा दगड काढीत, कारण तो घडविण्यास सोपा. या खाणीचे शेवटचे मोठे काम १९१९ मधले: पहिल्या महायुद्धात पडलेल्या डेव्हनच्या लोकांचे, ल्यूट्येन्स या वास्तुविशारदाने योजिलेले स्मारक, जे आज एक्झेटरच्या कॅथीड्रलसमोर उभे आहे, त्याचा दगड येथून गेला. तोवर रूळमार्ग बंद पडून साठांवर वर्षे लोटली होती.

मार्ग का बंद पडला याचे उत्तर थोडक्यात देता येते. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइट खाणी समुद्राला अधिक जवळ होत्या, त्यांचा दगड कमी खर्चात जहाजावर चढे, आणि भावाच्या स्पर्धेत हेटॉर टिकले नाही. टेम्पलरची आर्थिक स्थिती त्याआधीच ढासळली होती. कामगारांसाठी हेटॉर व्हेल येथे त्याने १८२५ मध्ये घरे बांधली, त्याच वर्षी ग्रॅनाइटच्या व्यवसायासाठी कंपनीही उभी राहिली; परंतु १८२९ मध्ये स्टोव्हरची इस्टेट, कालवा आणि रूळमार्ग ही सारी मालमत्ता त्याला सॉमरसेटच्या ड्यूकला विकावी लागली. पुढे तो याच भागात परत येऊन राहिला आणि १८४३ मध्ये शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात मरण पावला. १८५८ च्या सुमारास खाणींचे नियमित काम थांबले. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली तेव्हा, १८५३ मध्ये, हा मार्ग अजून अस्तित्वात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन युगे एकमेकांत किती गुंतलेली असतात याची कल्पना येते.

माळ सोडून खाली उतरू लागताच मार्ग यार्नरच्या अरण्यात शिरतो. इंग्लंडमधील सर्वांत आधी घोषित झालेल्या राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्रांपैकी हे एक असून ओकच्या झाडांखाली, शेवाळाने मऊ झालेल्या भरावावर, मधूनमधून रूळ आढळतात. मार्गावर मैलांचे दगडही लावलेले होते; व्हेन्टिफर्डपासूनचे अंतर दाखविणारे कोरीव आकडे असलेले त्यांतले काही अजून जागेवर आहेत. बव्ही ट्रेसी या गावाच्या जवळून पुढे सपाटीवर मात्र अवशेष विरळ होतात, कारण मोर्टनहॅम्पस्टेडला जाणाऱ्या लोहमार्गाच्या कंपनीने १८६२ मध्ये कालवा व रूळमार्ग विकत घेतला आणि १८६६ मध्ये खुल्या झालेल्या आपल्या मार्गासाठी जुन्या मार्गाची काही पट्टी वापरली. त्या लोहमार्गावरील उतारूंची वाहतूकही १९५९ मध्ये बंद झाली. आता त्या भागातून पायी वा सायकलने जाणारे लोक एकाखाली एक अशा दोन मृत मार्गांवरून जात असतात.

व्हेन्टिफर्डला पोहोचल्यावर पुन्हा काही पाहण्यासारखे मिळते. कालव्याचे हे वरचे कुंड दीर्घकाळ गाळाने भरून गेले होते. स्थानिक स्वयंसेवकांच्या न्यासाने ते उपसले तेव्हा ग्रॅनाइटचे रूळ, यारीचे जोते आणि गाळात रुतलेल्या पडावांचे लाकडी अवशेष उघडे झाले. येथील पडावांना एकच चौकोनी शीड असे. खाडीत ते वाऱ्यावर चालत; कालव्यात मात्र घोड्यांसाठी वाट नसल्याने माणसे दोर खांद्यावर घेऊन त्यांना ओढीत. डोंगरावर अठरा घोडे आणि सपाटीवर माणसांचे खांदे, ही या वाहतुकीची विषम वाटणी मला विशेष लक्षात राहिली.

हेटॉरपासून टिनमथपर्यंत हा सारा मार्ग आज टेम्पलर वे या नावाने, सुमारे १८ मैलांची पायवाट म्हणून आखलेला आहे. ज्याला एवढे चालणे जमणार नाही त्याने हेटॉरच्या पायथ्याशी गाडी ठेवून शिळांच्या उत्तरेचा सांधा आणि होलवेलची खाण पाहावी; उन्हाळ्यात माळावर नेच्यांची उंच वाढ होते, म्हणून वसंताच्या आरंभी किंवा हिवाळ्यात रूळ अधिक मोकळे दिसतात. वाटेत जी तट्टे चरताना दिसतील ती रानटी नाहीत. गायरानाचे जुने हक्क सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीची ती आहेत, आणि त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. पूर्ण मार्ग चालणाऱ्याने मात्र वाटेतले न्यूटन अ‍ॅबट हे गाव सोडण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे, कारण तेथून पुढे वाट खाडीच्या किनाऱ्यावरील रेती-चिखलातून जाते आणि ती ओहोटीच्या वेळीच खुली असते.